पहिलं गाणं आणि देशभक्तीचा दाखला

महाराष्ट्रात 'डीजे' हा शब्द माणसासाठी फारसा वापरला जात नाही. 'डीजे आलाय', 'डीजे लावलाय', 'डीजे जप्त केला' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पिकअपवर रचलेली स्पीकरची भिंत येते आणि मागे धडधडणारा जनरेटर येतो. ते सगळं चालवणारा पोरगा कुणाच्या खिजगणतीत नसतो. तो ट्रॅक बदलतो, बेस वाढवतो, लोक सांगतील ते गाणं लावतो. हळदीला हळदीचं, वरातीला वरातीचं, जयंतीला जयंतीचं, उरुसाला कव्वालीचं रिमिक्स. आवाज सगळा दुसऱ्याचा. त्याचा स्वतःचा आवाज गर्दीला कधी ऐकू आलाच, तर 'मागे सरका, वायर आहे' एवढाच.

म्हणून असा एखादा पोरगा माइक हातात घेऊन स्वतः गाऊ लागतो, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. दुसऱ्याचा आवाज वाढवण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, तो स्वतःच्या आवाजात बोलू पाहतोय. खरं तर स्वातंत्र्याची सुरुवात तिथूनच होते.

आपल्या मोहल्ल्यांमधून अशी बरीच पोरं आता पुढे येतायत. मिक्सिंग येतं, सॉफ्टवेअर येतं, लग्नसराईत साठवलेले चार पैसे असतात, एखादा मित्र कॅमेरा चालवतो. गाणं तयार होतं आणि यूट्यूबवर चढतं. यातल्या अनेकांचं पहिलं गाणं ऑगस्टमध्ये येतं आणि त्याचा विषय असतो आझादी.

असंच एक गाणं एका तरुणानं मला पाठवलं. 'ऐकून सांगा भाई, कसं झालंय.' त्याचं नाव-गाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्याच्याशी नाही. त्याला हे गाणं गावंसं वाटलं, किंबहुना गावं लागलं, त्या परिस्थितीशी आहे. आणि त्या परिस्थितीला मान डोलावणाऱ्या आपल्या सगळ्यांशी आहे.

गाण्याची चाल चांगली आहे. आवाजात दम आहे. पण साडेतीन मिनिटांत तो काय सांगतो? आम्ही वफादार आहोत. आमचं रक्त या मातीत मिसळलंय. वेळ आली तर जान देऊ. आमच्यावर शंका घेऊ नका. हवी तर परीक्षा घ्या. व्हिडिओत टोपी आहे, तिरंगा आहे, ड्रोननं टिपलेला किल्ला आहे आणि शेवटी सलाम ठोकणारा एक चिमुरडा आहे. या गाण्यात त्याचं गाव कुठेच नाही. त्याची गल्ली, धंदा, आई, भाषा, यातलंही काही नाही. डीजे चालवणारा पोरगा गायक झाला खरा, पण पहिल्याच गाण्यात त्यानं पुन्हा लोकांची फर्माईशच वाजवली.

गाणं नव्हे, प्रतिज्ञापत्र

कोणतंही गाणं ऐकताना एक साधा प्रश्न विचारून पाहावा. हे कुणाला उद्देशून आहे? प्रेमगीत प्रेयसीला असतं, अंगाई लेकराला, भजन आणि नात देवाला आणि रसूलला. मग हे आझादीचं गाणं कुणाला उद्देशून आहे? देशाला? देशाला तर कुणी असं म्हणत नाही की बाबा, माझ्यावर शंका घेऊ नकोस. आईला कुणी रोज सकाळी उठून 'मी तुझाच मुलगा आहे' असं शपथेवर सांगत नाही. हे गाणं समोर बसलेल्या एका आरोप करणाऱ्याला उद्देशून आहे. तो आरोप करतो आणि आपण सफाई देतो. चाल लावली, ठेका धरला, बेस वाढवला म्हणून सफाईचं गाणं होत नाही. ते संगीत दिलेलं प्रतिज्ञापत्र असतं.

प्रतिज्ञापत्राची गंमत अशी की ते एकदा देऊन भागत नाही. सेतू केंद्रातून काढलेला उत्पन्नाचा दाखला जसा वर्षभरच चालतो आणि शाळा-कॉलेजाच्या प्रवेशाच्या वेळी पुन्हा नव्यानं रांगेत उभं राहावं लागतं, तसाच हा देशभक्तीचा दाखला. ऑगस्टमध्ये काढला की जानेवारीत नवा लागतो. मध्येच भारत-पाकिस्तान सामना आला तर तातडीचा वेगळा. कुठे स्फोट झाला, हल्ला झाला, तर मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरानं निषेधाचा वेगळा कागद जोडायचा. आणि दाखला देणारा अधिकारी कोण? व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा कुणीतरी, टीव्हीच्या पडद्यावर ओरडणारा कुणीतरी. त्याला हा अधिकार कोणी दिला, हे आपण विचारतच नाही. आपण निमूट रांगेत उभे राहतो.

त्या पोराच्या गाण्याखाली आलेल्या प्रतिक्रिया मी वाचल्या. काहींनी कौतुक केलं होतं. काहींनी नेहमीप्रमाणे त्याला शेजारच्या देशाचा रस्ता दाखवला होता. आपल्यातल्याच काहींनी 'मौसिकी हराम आहे, तौबा कर' असं लिहिलं होतं. ज्यांच्यासाठी त्यानं सफाई दिली, त्यांनी ती ऐकून घेतली नाही. ज्यांच्या वतीनं दिली, त्यांनी त्यालाच गुन्हेगार ठरवलं. मग ही वकिली कशासाठी?

'आजच्या दिवसांत असं गाणं गायलेलं बरं, त्यानं वातावरण निवळतं,' असं मला एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सांगितलं. त्यांचा हेतू चांगला आहे, पण अनुभव काय सांगतो? शंका घेणाऱ्याला उत्तर नकोच असतं. त्याला आपली धावपळ बघायची असते. आपण जितकं जास्त सिद्ध करत जाऊ, तितका त्याचा विचारण्याचा हक्क पक्का होत जातो. परीक्षा घ्या म्हणून स्वतःहून सांगणारा माणूस समोरच्याला परीक्षक नेमून मोकळा होतो.

न गाण्याचंही स्वातंत्र्य

या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं याच ऑगस्ट महिन्यात एक निकाल दिला होता. तो आपल्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवा. केरळमधली तीन भावंडं यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाची होती. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं उभी राहत, पण श्रद्धेच्या कारणानं गात नसत. १९८५ साली शाळेनं त्यांना काढून टाकलं. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि ११ ऑगस्ट १९८६ला बिजो इमॅन्युएल खटल्यात न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. राष्ट्रगीत गायलाच हवं अशी सक्ती करणारा कायदा नाही, आदरानं उभं राहणाऱ्याकडून अपमान होत नाही आणि मुलांना शाळेत परत घ्या, असा त्या निकालाचा आशय होता.

तीन शाळकरी पोरं सर्वोच्च न्यायालयात जिंकली, हे मला स्वातंत्र्याचं मोठं लक्षण वाटतं. त्यांनी देशप्रेम सिद्ध करून दाखवलं नाही. सिद्ध करायची गरज नाही, एवढंच त्यांनी सिद्ध केलं.

मी राष्ट्रगीत गातो, प्रेमानं गातो आणि माझ्या मुलांनाही शिकवतो. म्हणूनच हे मोकळेपणानं लिहू शकतो. गाण्याचा आनंद स्वेच्छेत असतो. चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचं करणारा नोव्हेंबर २०१६चा आदेश न्यायालयानं स्वतःच जानेवारी २०१८मध्ये बदलून ऐच्छिक केला. कायदा एवढं समजून घेतो. मग आपण स्वतःवर ही सक्ती का लादून घेतो?

यादीतले शहीद

आता दुसऱ्या सवयीबद्दल. आझादीच्या अशा गाण्यांत आणि ऑगस्टमधल्या फॉरवर्डमध्ये एक आकडा हमखास फिरतो. इंडिया गेटवर स्वातंत्र्यसैनिकांची अमुक हजार नावं आहेत आणि त्यातली साठ हजारांहून जास्त मुसलमानांची आहेत, असा तो दावा. तो धादांत खोटा आहे. इंडिया गेट हे इंग्रजांनी बांधलेलं, १९३१ साली उद्घाटन झालेलं स्मारक. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात इंग्रजांच्या बाजूनं लढताना मेलेल्या सैनिकांसाठी ते उभारलं गेलं. त्यावर कोरलेली नावं १३ हजारांच्या आसपास आहेत. स्वातंत्र्यलढ्याशी त्या यादीचा संबंध नाही.

खोट्या आकड्याची गरज आपल्याला का पडते? कारण इतिहास आपण पुरावा म्हणून वापरतो. पुरावा जेवढा जाड तेवढा बरा, असं वाटतं आणि मग खरं-खोटं पाहायचं भान राहत नाही. एकदा तो आकडा खोटा पडला की त्याच्यासोबत आपली खरी माणसंही संशयात जातात.

त्या खऱ्या माणसांकडे जरा पुराव्याच्या नजरेनं न बघता वारसा म्हणून बघू या.

'इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणा देशाला मौलाना हसरत मोहानी यांनी दिली. चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलेल्या एका प्रसिद्ध प्रेमगझलेचा हाच शायर. डिसेंबर १९२१मध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. गांधीजींनी विरोध केला, ठराव पडला. काँग्रेसनं तीच मागणी डिसेंबर १९२९मध्ये लाहोरला स्वीकारली. म्हणजे हसरत 'आमच्यावर विश्वास ठेवा' अशी विनवणी करत नव्हते. 'तुम्ही मागताय ते कमी आहे, जास्त मागा,' असं ते गांधीजींना सांगत होते.

मुंबईचे युसूफ मेहेरअली. 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या दोन्ही घोषणा त्यांच्या नावावर आहेत. १९४२ साली ते तुरुंगात असतानाच मुंबईचे महापौर म्हणून निवडले गेले. 'चले जाव' हे दोन शब्द आपण दर ९ ऑगस्टला ऐकतो, पण त्यामागचं नाव आपल्या पोरांना ठाऊक नसतं.

सोलापूरचा कुर्बान हुसेन. 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवणारा, विशीतला तरुण. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, शहर काही दिवस इंग्रजांच्या हाताबाहेर गेलं आणि मग तिथे मार्शल लॉ लावला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिलं गेलं. चौघांच्या जाती-धर्माची बेरीज-वजाबाकी त्या वेळी सोलापूरच्या गिरणी कामगारानं केली नाही. आजही शहरातला तो चौक चार हुतात्म्यांच्या नावानं ओळखला जातो.

आणि सोलापूर जिल्ह्यातल्याच बार्शीचे शाहीर अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. ज्याला गायक व्हायचंय त्या प्रत्येक मराठी मुसलमान पोरानं आधी हे नाव पाठ करावं. गिरणीत काम केलेला हा माणूस अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात उभा राहिला आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज झाला. पहाडी आवाज. हजारोंच्या सभा त्या आवाजानं भारल्या जात. अमर शेख कामगारावर गायले, शेतकऱ्यावर गायले, गोव्यावर गायले, मुंबईवर गायले. मी या महाराष्ट्राचा आहे, असं सांगत बसायला त्यांना फुरसत नव्हती. महाराष्ट्र आमचा आहे आणि तो आम्ही घेणार, असा त्यांचा सूर होता.

या चौघांत एक गोष्ट समान आहे. यांनी देशाकडून काहीतरी मागितलं. स्वातंत्र्यलढ्याला शब्द दिले, घोषणा दिल्या, सूर दिला. आपली पोरं त्यांची नावं सफाईच्या यादीत टाकतात आणि त्यांचा सूर मात्र विसरतात.

चित्रपटाचंच घ्या. १९६४ सालच्या 'लीडर'मध्ये स्वातंत्र्यावर एक गाणं आहे. शब्द शकील बदायुनींचे, संगीत नौशादांचं, आवाज रफीसाहेबांचा, पडद्यावर दिलीपकुमार. त्याच वर्षीच्या 'हकीकत'मधलं सैनिकांचं गाणं कैफी आझमींनी लिहिलं, मदनमोहन यांनी चाल दिली आणि रफींनी गायलं. आजही २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला शाळेच्या मैदानात ही गाणी वाजतात. ती ऐकताना गाणाऱ्याचा धर्म कुणाच्या मनात येत नाही, कारण गाणारा स्वतःबद्दल खुलासा करत नाही. तो थेट 'आपण' म्हणून बोलतो. फैजनं १९४७च्या ऑगस्टमध्ये आझादीवर जी नज्म लिहिली, तिच्यात तर जल्लोषच नाही. ज्या सकाळची वाट पाहिली ती ही नव्हे, असं त्या शायरानं पहिल्याच दिवशी सांगितलं. तक्रार करायलाही हक्काचं घर लागतं. पाहुणा तक्रार करत नाही.

आवाजाची चढाओढ

इथे कुणी म्हणेल, एका होतकरू पोराच्या गाण्यावर एवढं कशाला लिहायचं? त्याच्या गाण्यानं कुणाचं वाईट तर झालं नाही. वाईट करणारी गाणी तर राजरोस वाजतायत.

खरं आहे. डीजेच्या भिंतीवरून कोणती गाणी मशिदीसमोर मुद्दाम वाजवली जातात, हे आपण सगळे जाणतो. पत्रकार कुणाल पुरोहित यांनी २०२३ साली 'एच-पॉप' हे अख्खं पुस्तक या गाण्यांवर आणि गायकांवर लिहिलं. द्वेषाला ठेका दिला की तो किती सहज गळी उतरतो, हे त्यातून कळतं. राष्ट्राचं नाव घेऊन शेजाऱ्याला धमकावणारी ती गाणी देशभक्तीची नाहीत. जी मिरवणूक मशिदीसमोर येऊनच थांबते आणि आवाज तिथेच वाढवते, तिचा भक्तीशी संबंध नाही आणि देशाशीही नाही. पोलिसांनी कायद्यानं तिथे काम करावं, ही मागणी आपण लाजत-बुजत करायचं कारण नाही.

पण म्हणून आपण आरशात बघायचंच नाही का? ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये आपल्याकडेही डीजेच्या भिंती उभ्या राहतात. नातचं रिमिक्स, खिडक्यांच्या काचा थरथरवणारा बेस, लेझर. ज्या पैगंबरांनी शेजाऱ्याला त्रास देऊ नका म्हणून सांगितलं, त्यांच्या जन्मदिनी शेजारची म्हातारी कानात बोळे घालून बसते. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की हा आवाज गणेशोत्सवात घातक असेल तर ईदच्या मिरवणुकीतही घातकच आहे. यात राग येण्यासारखं काय आहे? नियम सर्वांना सारखा लागू व्हावा, हीच तर आपली मागणी आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, हा नियम २००० सालापासून आहे. त्याला धर्म नाही. तो त्यांच्यासाठी वापरा आणि आम्हाला सोडा, असं म्हणणाऱ्याला समान नागरिकत्वाचं गाणं गाता येत नाही.

आपल्याच महाराष्ट्रात एक चांगली गोष्ट घडली आणि तिच्यावर मात्र कुणी गाणं केलं नाही. २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईसह अनेक शहरांतल्या मुस्लिम संघटनांनी स्वतःहून जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं. २०२४ आणि २०२५मध्येही मुंबईत विसर्जन आटोपल्यावरच जुलूस निघाला. हे कुणी दबावानं लिहून घेतलं नव्हतं आणि यात देशभक्तीच्या आणाभाकाही नव्हत्या. रस्ता दोघांचा आहे, आज तुम्ही जा, उद्या आम्ही जातो, एवढा साधा शहाणपणा होता. एका रस्त्यावरून दोघांनी जाणं हे माझ्या मते आझादीच्या शंभर गाण्यांपेक्षा जास्त भारतीय आहे.

हराम-हलालचा वाद

'तौबा कर' म्हणणाऱ्यांसाठीही चार ओळी. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये शेकडो वर्षांपासून मतभेद आहेत आणि ज्यांना ते टाळायचं त्यांनी टाळावं, त्यांचा आदर आहे. पण इमाम गझालींनी आपल्या 'इह्या'मध्ये समावर, म्हणजे श्रवणावर, एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, हेही ठाऊक असावं. खुलताबादच्या मातीत झोपलेले चिश्ती बुजुर्ग समा ऐकत होते. दख्खनमधल्या सूफी परंपरेत बायकांना जात्यावर म्हणायला चक्कीनामे होते. पेशवाईच्या काळात जेजुरीचा शिकलगार सगनभाऊ लावण्या आणि पोवाडे रचत होता. हे सगळे आपलेच पूर्वज.

शिवाय एक गोष्ट खटकते. पोरगं दहा वर्षं डीजे वाजवत होतं, आपल्याच लग्नांत, आपल्याच पैशांवर. तेव्हा कुणी तौबा करायला सांगितलं नाही. त्यानं स्वतःच्या तोंडानं गायला सुरुवात केली तेव्हाच आपल्याला दीन आठवला. म्हणजे अडचण संगीताची कमी आणि आपल्यातल्या कुणीतरी बोलू लागण्याची जास्त आहे की काय, अशी शंका येते.

कोणत्या भाषेत?

आणखी एक. त्या पोराशी मी फोनवर बोललो. अस्सल मराठी. मध्ये मध्ये घरातली दखनी. 'भाई, मेरेकू लय टेन्शन आयाता,' असं बोलणारा हा पोरगा गाण्यात मात्र सिनेमातली उसनी हिंदी बोलतो. का, विचारलं तर म्हणाला, 'देशभक्तीचं गाणं हिंदीतच असतं ना.'

असं कुणी सांगितलं? हिंदीचा, उर्दूचा मला दुस्वास नाही, उर्दू तर माझी जिव्हाळ्याची भाषा आहे. पण ज्या भाषेत आपण भाजी घेतो, भांडतो, जनाज्यानंतर एकमेकांना धीर देतो, तिच्यात स्वतःचं पहिलं गाणं गाऊ नये? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते याच हट्टापायी की आमचं जगणं आम्ही आमच्या मराठीत सांगू. 'हे लोक मराठी कुठे बोलतात' असं म्हणणाऱ्याला द्यायचं उत्तर म्हणून मी हे सांगत नाही. तो पुन्हा दाखलाच झाला. उसन्या भाषेत माणूस उसनंच बोलतो, म्हणून सांगतोय. दखनीत किंवा मराठीत गायला बसला असता, तर तोंडात गल्ली आली असती, ऑटोस्टँड आला असता, आईचा आवाज आला असता.

दुसरं गाणं

तू विचारलं होतंस, कसं झालंय. तर ऐक.

आवाज चांगला आहे. चाल चांगली आहे. गाणं मात्र तुझं नाही. दुसरं गाणं कर आणि त्यात कुणालाही सफाई देऊ नकोस.

सिझन संपल्यावर सहा महिने डीजेचा हप्ता कसा भरतोस, ते गा. शहरात खोली बघायला गेल्यावर नाव सांगताच मालकाचा चेहरा कसा बदलतो, ते गा. २०११च्या जनगणनेत या राज्यात आपण ११.५४ टक्के होतो. कॉलेजच्या वर्गात, सरकारी कचेरीत आणि विधानसभेत आपण किती दिसतो, ते मोज आणि गा. २००६ साली सच्चर समितीनं आपली अवस्था मांडली, पुढे राज्यात डॉ. महमूदुर रहमान समितीनं मांडली. जुलै २०१४मध्ये पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातल्या आरक्षणाला हरकत घेतली नाही. तरी त्याचा कायदा झाला नाही, वटहुकमाची मुदत संपून गेली. हे सगळं आझादीच्या गाण्याचा विषय आहे. इथे जन्मलेला माणूस आपल्या देशाकडे हक्कानं मागतो, भांडतो, रुसतो, हे देशप्रेमच आहे.

सगळं गाऱ्हाणंच गा, असंही नाही. आपल्या बहिणीला दहावीनंतर शिकू दिलं नाही, तेही गा. तिथे अडवणारा सरकार नव्हतं, आपणच होतो. तिच्या आझादीचं गाणं आपल्या घरात वाजायला हवं. तुझ्या गाडीवर बेस लावणारा भीमनगरचा मित्र, तुला पहिला मिक्सर उधार देणारा मराठा दुकानदार, तेही येऊ देत. खड्ड्यातल्या रस्त्यावरून रात्री तीन वाजता जनरेटर ओढून आणताना तुम्ही सगळे मिळून ज्या शिव्या देता, त्यात जास्त राष्ट्रीय एकात्मता आहे.

आणि शेवटी आपल्या मोठ्यांना सांगायचंय. १५ ऑगस्टला मदरशात, शाळेत, चौकात जरूर झेंडा फडकवा, मिठाई वाटा, गाणी लावा. आनंदाचा दिवस आहे, आनंद करा. पण त्याचे फोटो 'बघा, आम्हीही' अशा ओळीखाली टाकू नका. त्या 'ही'मध्ये आपण स्वतःला दारात उभं करतो. घर आपलं आहे. बाहेरून दार वाजवण्याची गरज नाही.

डीजे भाड्यानं मिळतो, गाणं मिळत नाही. ज्या दिवशी आपली पोरं सफाईचा ट्रॅक बंद करून स्वतःच्या गळ्यानं, स्वतःच्या भाषेत, स्वतःची मागणी गातील, त्या दिवशी मी ते गाणं पहिला शेअर करीन. ५५ डेसिबलच्या आतच वाजवा, तरी ते दूरपर्यंत ऐकू जाईल.